वाजवी, रास्त, समान, सरस-निरस: अर्जात नि करारात कोणता शब्द कुठं लिहावा

तहसीलीत, बाजार समितीत, पंचायतीत रोज जे अर्ज येतात त्यांतल्या बहुतेकांचा शेवट ठरलेला असतो: ‘तरी मला योग्य तो न्याय मिळावा ही विनंती.’ वाक्य बरं दिसतं, पण त्यावर बाबूला काही करता येत नाही. किती, कशाच्या मानानं आणि कोणाकडून हवं, यातलं काहीच त्यात नसतं. अर्जावर ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ असा शेरा पडतो आणि कागद पुढच्या टेबलावर जातो.

मराठीत या एका गोष्टीसाठी शब्द पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाची जागा वेगळी आहे. भाव असेल तर ‘रास्त’. खर्च, कपात, भाडं, मुदत यांना ‘वाजवी’. डोकी किंवा हिस्से मोजायचे तर ‘समान’. पाण्याला ‘समन्यायी’, जमिनीच्या वाटणीला ‘सरस-निरस’, सरकारनं घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्याला ‘उचित’. चौकशी करणाऱ्या माणसाला ‘निःपक्षपाती’. ‘न्याय्य’ हा सगळ्यांत भारी शब्द. तो मागणीला किंवा हक्काला लावतात, आणि तोही मागं कायदा, करार किंवा ठराव असेल तरच. यातला कोणताही शब्द एकटा लिहू नका. त्याच्या शेजारी आकडा, तारीख किंवा माप आलंच पाहिजे.

बाजारात: रास्त, हमी आणि एफ.ए.क्यू.

‘रास्त भाव’ आणि ‘हमीभाव’ एकच समजून लिहिणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. हमीभाव म्हणजे केंद्र सरकारनं जाहीर केलेला आकडा. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनला क्विंटलमागे ५,३२८ रुपये, लांब धाग्याच्या कापसाला ८,११०, तुरीला ८,००० रुपये. रास्त भाव हे मत झालं. आंदोलनाच्या फलकावर शोभतं, तक्रारीत टिकत नाही. हर्रासात (लिलावात) पडलेला भाव हमीभावाखाली असेल तर तसंच लिहा: ‘अमुक तारखेस अमुक क्विंटल सोयाबीन अमुक दराने घेतले, हमीभाव ५,३२८ असताना फरक क्विंटलमागे इतका.’ सोबत काटापट्टी आणि हिशोबपट्टी जोडा. काटापट्टी घरी हरवते आणि तक्रार तिथंच मरते, म्हणून यार्डातून निघायच्या आधीच मोबाईलवर तिचा फोटो काढून ठेवा.

हमीभाव एफ.ए.क्यू. मालालाच मिळतो. ती अक्षरं ‘फेअर अ‍ॅव्हरेज क्वालिटी’ची. त्यातल्या ‘फेअर’चा न्यायाशी काही संबंध नाही, सर्वसाधारण चांगला, विकण्याजोगा दर्जा एवढाच त्याचा अर्थ. म्हणून ‘माल एफ.ए.क्यू. नाही’ असं सांगून परत पाठवला तर ‘माझ्यावर अन्याय झाला’ असं लिहिण्यात काही हाती लागत नाही. कोणत्या कसोटीवर नापास झाला ते विचारा: ओलावा, माती-काडी, डागी दाणा, की अपरिपक्व दाणा? सोयाबीनला ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के असते. २०२४-२५ च्या खरिपात केंद्रानं ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती, म्हणून दर हंगामाचा आदेश पाहूनच आकडा लिहावा. ओलावा मोजताना यंत्रावरचा आकडा स्वतः पाहावा आणि तो पावतीवर लिहून मागावा. पोत्याच्या वरचा, मधला आणि तळचा असा तिन्ही ठिकाणचा दाणा घेऊन नमुना करायला सांगणं ही मागणी वाजवी आहे, आणि ती तोंडी केली तरी चालते.

कापसाचा हिशोब आणखी सरळ. सीसीआयच्या, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदीत पूर्ण दर ८ टक्के ओलाव्याला असतो. त्यावर १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला दराचा एक टक्का कापतात, आणि १२ च्या वर माल घेत नाहीत. दर ८,११० धरला आणि ओलावा १० टक्के निघाला तर कपात १६२ रुपये २० पैसे, हाती ७,९४७ रुपये ८० पैसे. इथपर्यंतची कपात वाजवी. याहून जास्त कापलं तर तक्रारीत ‘अवाजवी कपात’ हे दोन शब्द आणि हा गुणाकार, एवढं पुरतं.

कडत्याचं मात्र वेगळं आहे. क्विंटलमागे किलोभर धान्य ‘पद्धत आहे’ म्हणून कापलं जातं. वीस क्विंटलवर ते वीस किलो होतं आणि ४,५०० च्या भावानं ९०० रुपये जातात. इथं ‘जास्त कडता घेतला’ असं लिहू नका. तसं लिहिलं की थोडा कडता तुम्हाला मान्य आहे असा अर्थ निघतो. ‘वजनात कोणत्या नियमाने घट धरली, त्याचा आधार द्यावा’ असं लिहा. काट्याबद्दल शंका असेल तर वैधमापन शास्त्र विभागाची चालू सालाची मोहर काट्यावर आहे का ते बघा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरसाल व्हावी लागते.

वाटणीत: समान लिहायचं की सरस-निरस

दोन भावांत दहा एकर असलं की ‘पाच-पाच एकर समान वाटून घेऊ’ असं ठरतं आणि दोन पावसाळ्यांत भांडण उभं राहतं. समान म्हणजे क्षेत्र समान. वावर सगळं सारखं नसतं. एका बाजूला काळी भारी, दुसऱ्या बाजूला बरड. एकीकडं विहीर आणि पांधण (शेतात जायची वाट), दुसरीकडं नाल्याचं पाणी चढणारा कोपरा. भंडारा-गोंदियाकडं तर कन्हार, मोरंड, खरडी, बरडी, सिहार अशी मातीची नावंच वेगळी आहेत, आणि धानाचं पीक त्या नावाप्रमाणं पिकतं. अशा वेळी वाटणीपत्रात नि कोर्टाच्या हुकुमात जो शब्द येतो तो ‘सरस-निरस मानाने’. चांगलं नि हलकं दोन्ही जोखून किमतीनं वाटे बरोबरीचे करायचे, असा त्याचा अर्थ.

हे कागदावर आणायची पद्धत अशी. आधी सातबारा आणि गटाचा नकाशा घेऊन प्रत्येक तुकडा वेगळा लिहा आणि पोटखराब (लागवडीला न येणारं) क्षेत्र बाजूला काढा. पोटखराब धरून वाटे पाडले तर एकाच्या पदरी नालाच येतो. मग दोघांनाही मान्य असलेला गावातला जाणता माणूस घेऊन वावरात फिरा आणि प्रत्येक तुकड्याला एकरी आणे द्या. सर्वांत चांगल्या जमिनीला १६ आणे, मध्यमीला समजा १२, बरडीला ८. सातबाऱ्यावरचा आकार (शेतसारा) जुन्या प्रतवारीवर बसवलेला असतो, तो सुरुवातीला हाताशी ठेवावा. मात्र नंतर विहीर झाली असेल, बांध घातला असेल, गाळ टाकला असेल तर आकार ते सांगणार नाही. (हे आणे घरातले. सरकारी पैसेवारी पिकाच्या अंदाजाची असते, तिच्याशी याची गल्लत करू नका.)

समजा ४ एकर भारी, ४ एकर मध्यम आणि २ एकर बरड आहे. भारीचे ६४ आणे, मध्यमचे ४८, बरडीचे १६, मिळून १२८. दोन वाटे ६४-६४ चे. एकानं ४ एकर भारी घेतली, दुसऱ्यानं ४ एकर मध्यम आणि २ एकर बरड घेतली की हिशोब बसला. एकाकडं ४ एकर, दुसऱ्याकडं ६ एकर, आणि वाटणी बरोबरीची. पाहुण्यारावळ्यांना हे पटत नाही, म्हणून आण्यांचा तक्ता वाटणीपत्राला जोडावा आणि त्यावरही सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात.

वाटे एकानं पाडायचे आणि दुसऱ्यानं आधी उचलायचा, ही जुनी रीत अजूनही सर्वांत स्वस्त नि पक्की. बहुधा थोरला पाडतो, धाकटा उचलतो. कोणता वाटा आपल्याकडं राहील हे पाडणाऱ्याला माहीत नसतं, म्हणून तो झुकतं माप कुठंच ठेवत नाही. तीन-चार हिस्सेदार असतील तर चिठ्ठ्या टाका, पण वाटे लिहून सह्या झाल्यावरच. चिठ्ठी निघाल्यावर वाटे बदलायला बसलं की चिठ्ठीला अर्थ उरत नाही.

विहिरीबद्दल ‘विहिरीत निम्मा हिस्सा’ एवढंच लिहिणं म्हणजे भांडणाचं बी पेरणं. पाळी कशी, मोटार कोणाची, वीजबिल कसं, गाळ काढायचा खर्च कसा, हे चार मुद्दे हवेत. पाळी वारांवर बांधू नका. कृषिपंपाची लाईट कधी दिवसा, कधी रात्री असते. सोमवार-मंगळवार एकाचे ठरले आणि त्या आठवड्यात लाईट रात्रीची आली तर तो वैतागणार. ‘प्रत्यक्ष मिळालेल्या विजेचे तास, आळीपाळीने’ असं लिहा. वाट कोणत्या धुऱ्यानं (बांधानं), किती फूट, बैलगाडीपुरती की ट्रॅक्टर-ट्रॉलीपुरती, तेही लिहा. ‘पूर्वापार वाटेने’ या शब्दांवर जेवढे दावे चालू आहेत तेवढे क्वचितच दुसऱ्या कशावर असतील.

‘समान’ शब्द मात्र एका ठिकाणी सोडायचा नाही, तो म्हणजे बहिणींच्या हिश्श्यात. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. ९ सप्टेंबर २००५ पासूनची हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती तेच सांगते, आणि त्या दिवशी वडील हयात असणं गरजेचं नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. बहिणीला हिस्सा नको असेल तर ते नोंदणीकृत हक्कसोडपत्रानं होतं, ‘तिची हरकत नाही’ या ओळीनं नाही. तहसीलदाराकडून वाटप करून घ्यायचं तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली अर्ज जातो. हक्कावरच वाद असेल तर तिथं काम अडतं आणि दिवाणी न्यायालय गाठावं लागतं.

बटईत आणि मक्त्यात: ‘निम्मं’ कशाचं

बटईत जमीन मालकाची, कसणारा दुसरा आणि पीक वाटून घ्यायचं असतं. तिच्या करारात ‘रास्त वाटा’ किंवा नुसतं ‘निम्मं-निम्मं’ लिहिलेलं असतं. पाच एकर सोयाबीन, ३० क्विंटल माल, ४,५०० चा भाव, म्हणजे १ लाख ३५ हजार. बटईदारानं ६० हजार लावले. खर्च वजा जाता निम्मं ठरलं असेल तर दोघांना ३७ हजार ५०० प्रमाणं. माल निम्मा आणि खर्च बटईदाराचा, असं ठरलं असेल तर मालकाला ६७ हजार ५०० आणि बटईदाराच्या हाती साडेसात हजार. शब्द दोन्हीकडं ‘निम्मं’च, फरक तीस हजारांचा. दोन्हींपैकी कोणतीही रीत चालते, पण ती पेरणीआधी लिहिलेली हवी. माल घरात आल्यावर खर्चाची यादी करायला बसलं की फवारणीची प्रत्येक बाटली वादात येते.

बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचणी, मळणी, भाडं-हमाली अशी ओळ करून प्रत्येकासमोर कोणी किती ते लिहा. ‘इतर वाजवी खर्च’ ही ओळ टाकायचीच असेल तर पुढं कमाल रक्कम लिहा, समजा २,००० रुपये, आणि त्यावर खर्च दुसऱ्याला विचारल्याशिवाय करू नये असं. कुटार (मळणीनंतरचा भुसा) आणि पऱ्हाटी (कापसाची वाळकी झाडं) कोणाची, हे विसरू नका. जनावरं असतील त्या सालात कुटाराला दाण्याइतकीच किंमत येते. अतिवृष्टीचं अनुदान सातबाऱ्यावरच्या नावानं येतं, म्हणून ते आलं तर कसं वाटायचं हेही लिहावं. पीकविमा कोणाच्या नावानं काढायचा तेही आधीच ठरवा. मक्त्यात रक्कम ठरलेली असते, तिथं पीक बुडालं तर सूट मिळेल का, किती आणि कोणत्या पुराव्यावर, एवढं एक कलम पुरे.

विदर्भासाठी कुळवहिवाटीचा कायदा वेगळा आहे, १९५८ चा. कसणारा त्याखाली कूळ म्हणून हक्क सांगेल, या धास्तीनं मालक कागदच करत नाहीत. कागदावरून ‘कूळ’ शब्द गाळला म्हणून कायदा लागू व्हायचा थांबत नाही, आणि कागद नसला म्हणून मालक सुरक्षितही होत नाही. मसुदा एकदा वकिलाला दाखवावा.

कालव्याच्या पाण्यात: समन्यायी

पाणी वापर संस्थेच्या बैठकीत ‘सर्वांना समान पाणी’ असा ठराव होतो आणि शेवटच्या वावरात पाणी पोचत नाही. एका लघुकालव्यावर ४० एकर आहे आणि पाळी ८४ तासांची, असं धरू. सरळ भागाकारानं एकरी २.१ तास येतात. पण चारी कोरडी असते, ती भरून शेवटापर्यंत पाणी जायला समजा ४ तास लागतात. ते तास शेवटच्या १० एकरवाल्यांच्या २१ तासांतून गेले तर त्यांना एकरी १.७ तासच उरतात. म्हणून आधी भरणीचे ४ तास सगळ्यांच्या नावावर वजा करा. उरलेल्या ८० तासांचे एकरी २ तास. ठरावात ‘समन्यायी’ लिहून हे गणित खाली द्या. पाळी शेवटच्या टोकाकडून सुरू केली तर आणखी चांगलं, कारण वरच्याला चोरून दार उघडायची संधी कमी मिळते. चारीत गवत असेल तर भरणीचा वेळ वाढतो, म्हणून दर पाळीला तो घड्याळ लावून मोजावा. मागच्या सालचा आकडा चालवू नये.

मजुरीचं थोडक्यात: एकाच कामाला बाई-माणसाला वेगळी मजुरी देता येत नाही, हे १९७६ पासून कायद्यात आहे. कापूस वेचणीत किलोचा दर सारखा असतो, पण काटा सारखा धरला जातो का ते पाहावं लागतं. गाठोड्याच्या फडक्याचं वजन प्रत्येकीचं वेगळं वजा करा, सरसकट अर्धा किलो नको.

रेशन दुकानावर ‘रास्त भाव दुकान’ लिहिलेलं असतं. त्या ‘रास्त’चा अर्थ सरकारनं ठरवलेला दर, आणि जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षेचं धान्य मोफत आहे. म्हणून इथं भावाची तक्रार होत नाही, मापाची होते. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो. ई-पॉस यंत्राच्या पावतीवर छापलेलं आणि पिशवीत पडलेलं, हा फरक किलोत लिहा आणि १९६७ या हेल्पलाईन क्रमांकावर कळवा. तक्रारीतला योग्य शब्द ‘नियतनापेक्षा (ठरवून दिलेल्या वाट्यापेक्षा) कमी’.

जमीन गेली तर: उचित भरपाई

२०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या नावातच ‘उचित भरपाई’ आहे. त्यामुळं ‘मोबदला रास्त नाही’ असं मोघम न लिहिता कायद्याच्या भाषेत बोला. बाजारमूल्य काढताना शेजारच्या, तशाच जमिनींचे मागच्या तीन वर्षांतले खरेदीव्यवहार धरतात आणि त्यांतल्या चढ्या किमतीच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी काढतात. विहीर, झाडं, पाईपलाईन यांचं मूल्यांकन वेगळं. त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम. कोणता व्यवहार धरला नाही, कोणतं झाड मोजलं नाही, ते दस्त क्रमांकासह लिहा.

पैसे उचलताना पावतीवर ‘हरकत राखून स्वीकारले’ असं लिहायलाच हवं. विनाहरकत रक्कम घेतली तर वाढीव मोबदल्याचा अर्ज करायचा हक्क जातो. मुदतही आखूड आहे: निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवडे. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन गेली असेल तर वाट वेगळी, तिथं लवादाकडं जावं लागतं.

माणसाविरुद्ध तक्रार करताना

घरकुलाच्या यादीत किंवा पंचनाम्यात डावं-उजवं झालं असेल तर ‘पक्षपात’ आणि ‘दुजाभाव’ यांत भेद ठेवा. पक्षपात म्हटलं की अमक्यानं तमक्याला मुद्दाम झुकतं माप दिलं, असा आरोप होतो आणि त्याला पुरावा लागतो. दुजाभाव म्हटलं की सारख्याच स्थितीतल्या दोघांना वेगळी वागणूक मिळाली एवढंच सांगितलं जातं, आणि ते दोन कागद शेजारी ठेवून दाखवता येतं. पुरावा हाती नसेल तर ‘दुजाभाव’च वापरा. ‘पंक्तिप्रपंच’ भाषणात झकास वाटतो, अर्जात नको.

चौकशी मागताना ‘निःपक्षपाती चौकशी व्हावी’ असं लिहून थांबू नका. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या हाताखालच्या माणसाकडं चौकशी देऊ नये आणि स्थळपाहणीची लेखी सूचना दोन्ही बाजूंना आधी मिळावी, एवढं जोडा.

शब्द लिहिताना ‘न्याय्य’मध्ये शेवटी ‘य्य’ आहे. ‘न्याय मागणी’ नव्हे, ‘न्याय्य मागणी’. ‘निःपक्षपाती’तला विसर्ग टायपिस्ट हमखास गाळतो. ‘वाजवी’चा उलट ‘अवाजवी’. छापायला देण्याआधी हे तीन तपासा, दोन प्रती काढा आणि एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.